संशय कितीही दाट असला तरी शिक्षा का होत नाही? साताऱ्याच्या गजेंद्रगडकरांनी मोजून दिलेलं अंतर

एखाद्या गावात खून होतो. सकाळी बातमी येते, दुपारी संशयिताचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरायला लागतो आणि संध्याकाळपर्यंत रील्सवर निकालसुद्धा लागलेला असतो. मयताला शेवटचं त्याच्याच गाडीवर बसलेलं कुणीतरी पाहिलेलं असतं. दोघांचं बांधावरून जुनं भांडण होतं हे अख्ख्या आळीला माहीत असतं. कुणीतरी मोबाईल लोकेशनचा स्क्रीनशॉट टाकतं. विषय संपला.

मग खटला चालतो, सेशन कोर्ट जन्मठेप किंवा फाशी देतं. आपण ते विसरून जातो. आणि सहा-सात वर्षांनी एक छोटी बातमी येते, अपिलात आरोपीची निर्दोष सुटका. खाली कमेंटमध्ये ठरलेला प्रश्न, मग खून काय भुताने केला?

प्रश्न चुकीचा नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याच्यासाठी तर तो आयुष्यभराचा प्रश्न आहे. पण या प्रश्नाला कोर्ट काय उत्तर देतं आणि का देतं, हे समजून घ्यायचं असेल तर साताऱ्यात जन्मलेल्या एका माणसाची गोष्ट माहीत असायला हवी. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. देशाचे सातवे सरन्यायाधीश.

सातारा जिल्हा म्हटलं की लोकांना कंदी पेढे आठवतात, अजिंक्यतारा आठवतो, महाबळेश्वर-पाचगणीची ट्रिप आठवते. न्यायाधीश म्हटलं तर फार तर रामशास्त्री प्रभुणे. तेही साताऱ्याजवळच्या माहुलीचे. नारायणराव पेशव्यांच्या खुनात थेट राघोबादादांना दोषी धरणारे रामशास्त्री आपण चौथीच्या पुस्तकापासून ऐकत आलोय. गजेंद्रगडकर मात्र वकिलांच्या बाहेर फारसे कुणाला ठाऊक नाहीत. खरं तर आज देशातल्या कुठल्याही हायकोर्टात खुनाच्या शिक्षेवर अपील चालू असेल, तर त्यांनी मांडलेला एक विचार तिथे या ना त्या रूपात बोलला जात असतो.

संस्कृतच्या घरातला मुलगा

गजेंद्रगडकरांचा जन्म १६ मार्च १९०१ चा, साताऱ्याचा. आडनावातलं गजेंद्रगड आज कर्नाटकातल्या गदग जिल्ह्यात येतं. वडील बाळाचार्य हे संस्कृतचे पंडित. थोरले बंधू अश्वत्थामाचार्य पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक झाले. म्हणजे घरात शास्त्रचर्चा ही रोजच्या जेवणाइतकी नेहमीची गोष्ट.

शाळा साताऱ्यातच, सातारा हायस्कूल. मग दोन वर्षं धारवाडचं कर्नाटक कॉलेज आणि त्यानंतर पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथे ते दक्षिणा फेलो होते. १९२४ साली एम. ए., १९२६ साली पुण्याच्या लॉ कॉलेजातून ऑनर्ससह एलएल. बी. त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू.

इथे एक बारीक गोष्ट आहे, पण ती महत्त्वाची आहे. त्यांनी वकिली केली ती हायकोर्टाच्या अपील शाखेत. मुंबई हायकोर्टात तेव्हा दोन जगं होती. एका बाजूला ओरिजिनल साईड, म्हणजे मुंबई शहरातले मोठमोठ्या कंपन्यांचे दावे, बॅरिस्टर आणि सॉलिसिटर. दुसऱ्या बाजूला अपील शाखा. तिथे सातारा, सोलापूर, रत्नागिरी, धारवाड अशा मुलखातल्या कोर्टांचे निकाल आव्हानासाठी येत. पैसा आणि झगमगाट पहिल्या बाजूला जास्त. दुसऱ्या बाजूला होती कागदांची चळत.

अपिलाचं काम कसं असतं हे आपण सिनेमामुळे पार विसरलोय. अपिलात साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात येत नाही. न्यायाधीशांनी त्याचा चेहरा पाहिलेला नसतो, त्याचा घाम पाहिलेला नसतो. समोर असते ती खालच्या कोर्टातली लेखी साक्ष, पंचनामे, डॉक्टरांचा अहवाल आणि खालच्या न्यायाधीशांचा निकाल. त्या निकालात कारणांची एक साखळी असते. अपिलाच्या वकिलाचं काम म्हणजे ती एकेक कडी ओढून बघणं. जवळपास १९ वर्षं गजेंद्रगडकरांनी हेच केलं. सोबत हिंदू लॉ क्वार्टरली या नियतकालिकाचं संपादन आणि दत्तकाच्या कायद्यावरच्या दत्तकमीमांसा या संस्कृत ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती. १९४५ साली ते मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि जानेवारी १९५६ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले.

धूर आणि धुकं

आता मूळ विषयाकडे येऊ. परिस्थितिजन्य पुरावा म्हणजे काय?

खून होताना कुणी डोळ्यांनी पाहिला, तर ती प्रत्यक्ष साक्ष. पण खून करणारा सहसा साक्षीदार जमवून खून करत नाही. मग आजूबाजूच्या गोष्टींवरून निष्कर्ष काढावा लागतो. भांडण होतं, म्हणजे हेतू आहे. शेवटचं दोघांना एकत्र पाहिलं. त्याच्या घरातून रक्ताचे डाग असलेला सदरा जप्त झाला. खुनानंतर तो गावातून गायब होता. यातली एकही गोष्ट म्हणजे खून नव्हे. पण सगळ्या एकत्र ठेवल्या की चित्र तयार होतं. ते चित्र म्हणजे परिस्थितिजन्य पुरावा. आणि केवळ अशा पुराव्यावर फाशीसुद्धा होऊ शकते, झालेली आहे. त्याचं उदाहरण पुढे येईल.

आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे कोर्टाच्या नाही तर तर्काच्या शास्त्रात, याला अनुमान म्हणतात. ठरलेलं उदाहरण असं की डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे. शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे आठवेल. पण याच शास्त्राने दोन सावधगिरीच्या सूचनाही देऊन ठेवल्यात. पहिली, तुम्ही ज्याला धूर म्हणताय तो धूरच आहे ना हे आधी बघा, कारण धुकं किंवा धूळही लांबून तशीच दिसते. दुसरी, उलटा तर्क लावू नका. आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते पण धूर नसतो.

पाचगणीत राहणाऱ्याला पहिली सूचना वेगळी समजवायला नको. पावसाळ्यात सिडनी पॉइंटवर उभं राहून खाली कृष्णेच्या खोऱ्याकडे, धोम धरणाच्या बाजूला बघा. पांढरं काहीतरी वर सरकत येत असतं. ते ढग आहेत, धुकं आहे की कुणी रान पेटवलंय, हे दहा मिनिटं थांबल्याशिवाय कळत नाही. आणि जो थांबत नाही तो छातीठोकपणे काहीही सांगतो.

मीमांसा आणि न्यायशास्त्र ज्या घरात बोललं जायचं तिथून आलेल्या माणसाला सुप्रीम कोर्टात नेमकं हेच काम करायचं होतं. हा संबंध मी जोडतेय, त्यांनी कुठे असं म्हटलंय असा दावा नाही. पण त्यांचे निकाल वाचताना तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

१९५७ चा खटला

पंजाबातलं एक खून प्रकरण. सरवनसिंग आणि त्याच्यासोबतचा एक आरोपी यांना खालच्या कोर्टाने आणि हायकोर्टाने खुनासाठी दोषी ठरवलं होतं. अपील सुप्रीम कोर्टात आलं. गजेंद्रगडकरांना सुप्रीम कोर्टात येऊन सव्वा वर्षही धड झालं नव्हतं. निकाल त्यांनी लिहिला.

सरकारी बाजूकडे दोन मोठी हत्यारं होती. एक, माफीचा साक्षीदार. म्हणजे गुन्ह्यात आपणही होतो असं कबूल करून, माफीच्या बदल्यात बाकीच्यांविरुद्ध साक्ष देणारा माणूस. दोन, सरवनसिंगचा स्वतःचा कबुलीजबाब.

सोशल मीडियाच्या भाषेत सांगायचं तर, अजून काय पाहिजे? साथीदार सांगतोय, स्वतः कबूल करतोय.

गजेंद्रगडकरांनी आधी माफीच्या साक्षीदाराला हात घातला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. या माणसाच्या साक्षीला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली, तो मुळात विश्वास ठेवण्यासारखा आहे का? दुसरी, त्याच्या सांगण्याला बाहेरून, स्वतंत्र आधार मिळतो का? आणि क्रम महत्त्वाचा. पहिल्या परीक्षेत नापास झाला तर दुसरीचा प्रश्नच येत नाही. इथे गंमत अशी होती की याच साक्षीदाराचं म्हणणं एका सहआरोपीबाबत हायकोर्टालाच पटलं नव्हतं. तरी उरलेल्यांबाबत तेच म्हणणं खरं धरलं गेलं होतं. एकाच तोंडातून आलेल्या गोष्टीचा सोयीचा तुकडा घ्यायचा आणि गैरसोयीचा टाकायचा, हे त्यांना मान्य नव्हतं.

मग कबुलीजबाब. तो पोलिसांपुढे नव्हता, मॅजिस्ट्रेटपुढे दिलेला होता. पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे पुराव्यात चालतच नाही, १८७२ च्या पुरावा कायद्यापासून. पण मॅजिस्ट्रेटने सरवनसिंगला विचार करायला किती वेळ दिला? जेमतेम अर्धा तास. पोलीस कोठडीतून आणलेल्या माणसाला अर्ध्या तासात ठरवायचं की आपण स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घ्यायचा की नाही. गजेंद्रगडकरांनी लिहिलं की सर्वसाधारणपणे अशा माणसाला निदान २४ तास दिले पाहिजेत. पोलिसांची सावली उतरायला तेवढा वेळ लागतो, हा त्यामागचा विचार. ते २४ तास तेव्हापासून फौजदारी कोर्टांत पक्के बसलेत.

दोन्ही हत्यारं गळून पडली. बाकी जे उरलं त्यावर खून सिद्ध होईना. दोघांची सुटका झाली.

पण या निकालाचं खरं वजन शेवटच्या भागात आहे. तिथे त्यांनी काही लपवलं नाही. खून निर्घृण होता आणि तो शिक्षेवाचून राहतोय याची खंत त्यांनी लिहून ठेवली. सरकारी वकिलांचा आग्रह होता की सगळं एकत्र पाहिलं तर ही कहाणी खरी असू शकते. गजेंद्रगडकरांनी तेही नाकारलं नाही. असेलही त्यात काही तथ्य, असं मान्य केलं. आणि मग मुद्दा मांडला की एखादी गोष्ट खरी असू शकते आणि ती खरी असलीच पाहिजे, या दोन टोकांमध्ये मोठा रस्ता आहे. तो सगळाच्या सगळा रस्ता कायदेशीर, भरवशाच्या आणि निष्कलंक पुराव्याने कापायचा असतो.

यातला सगळाच्या सगळा हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण बहुतेक चुका तिथेच होतात. ऐंशी टक्के रस्ता पुराव्याने कापलेला असतो. उरलेला वीस टक्के आपण रागाने, दुःखाने किंवा आरोपीच्या जुन्या बदनामीने भरून काढतो. आणि आपल्याला वाटतं की आपण मुक्कामाला पोहोचलो.

फाशी झालेलं प्रकरण

मग कुणी म्हणेल, असा रस्ता मोजत बसलं तर प्रत्यक्ष पाहणाऱ्याशिवाय कुणालाच शिक्षा होणार नाही. तसं नाही. याच काळातलं पुण्याचं लागू प्रकरण बघा. या खंडपीठात गजेंद्रगडकर नव्हते, पण परिस्थितिजन्य पुरावा पूर्ण रस्ता कसा कापतो हे समजायला मराठी मुलखातलं यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही.

नोव्हेंबर १९५६. पुण्यातली एक श्रीमंत विधवा तिच्या परिचयातल्या डॉ. अनंत चिंतामण लागूसोबत रात्रीच्या गाडीने मुंबईला निघाली. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा ती बेशुद्ध होती. लागूने तिला जी. टी. हॉस्पिटलमध्ये दाखल केलं, खोट्या नावाने. काही तासांत ती गेली. मधुमेहामुळे आलेली बेशुद्धी असेल असा सुरुवातीचा अंदाज होता. मृतदेह कित्येक दिवस बेवारस पडून राहिला. पुण्यात मात्र नातेवाइकांना तिच्या नावाने पत्रं येत होती. त्यात तिने पुन्हा लग्न केल्याचं आणि दूर राहायला गेल्याचं लिहिलेलं होतं. आणि तिची मालमत्ता हळूहळू लागूकडे सरकत होती.

विष? रासायनिक तपासणीत विष सापडलंच नाही.

डिसेंबर १९५९ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी फाशी कायम केली. बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, ज्यांची वकिलीची आणि न्यायाधीशपदाची सुरुवात नागपूरची. त्यांच्यासोबत होते न्यायमूर्ती कपूर. विष सापडलं नाही म्हणून विषप्रयोग झालाच नाही असं म्हणता येत नाही, आणि खोटं नाव, मेलेल्या बाईची पत्रं, बनावट सह्या यांचा निर्दोष अर्थ लावायला जागाच उरत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. न्यायमूर्ती सरकार यांना ते पटलं नाही. मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता पुरती मिटलेली नाही, असं त्यांचं मत पडलं.

तीन अनुभवी न्यायाधीश, समोर तोच कागद, आणि दोघांना रस्ता पूर्ण झालेला दिसतो तर एकाला थोडा बाकी. हे सरकार आणि हिदायतुल्ला दोघेही पुढे सरन्यायाधीश झाले. म्हणजे यात कुणी कच्चा नव्हता. परिस्थितिजन्य पुराव्याचा अवघडपणा किती खरा आहे, हे या एका निकालावरून कळतं.

नानावटी, आरक्षण आणि बाकीचं बरंच

गजेंद्रगडकरांनी फक्त खुनाची अपिलं ऐकली असं नाही. उलट त्यांचं नाव जास्त घेतलं जातं ते कामगार कायद्यासाठी. बोनस, पगार, कामगारांना काढून टाकणं या विषयांवरचे त्यांचे निकाल पुढची कित्येक वर्षं आधारासारखे वापरले गेले.

मराठा आरक्षणाच्या चर्चेत ज्या ५० टक्के मर्यादेवरून इतकं रण पेटतं, तिचं मूळ १९६२ च्या बालाजी खटल्यात आहे. म्हैसूर राज्याने ६८ टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. त्या रद्द करणारा निकाल गजेंद्रगडकरांचा. त्या आधी १९५१ साली मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती छागला यांच्यासोबत नरसू अप्पा माळी खटल्यात व्यक्तिगत कायद्यांबद्दल दिलेला निकाल आजही समान नागरी कायद्याच्या वादात ओढला जातो.

आणि रुस्तम सिनेमा पाहिलेल्यांसाठी, हो, नानावटी प्रकरणातही ते होते. कमांडर नानावटीला हायकोर्टाने जन्मठेप दिली, तेव्हा राज्यपालांनी ती शिक्षा सुप्रीम कोर्टातलं अपील होईपर्यंत थांबवली होती. १९६० साली पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक मतांनी सांगितलं की प्रकरण सुप्रीम कोर्टापुढे असताना राज्यपालांना असा हात घालता येणार नाही. गजेंद्रगडकर त्या चारांमध्ये होते. अपील करायचंय तर नौदलाचा अधिकारी असो की गावातला मजूर, नियम एकच.

१ फेब्रुवारी १९६४ ला ते सरन्यायाधीश झाले. त्याच वर्षी बिहारमधल्या हरिचरण कुर्मी खटल्यात पुन्हा तोच प्रश्न समोर आला. दरोडा आणि त्यात खून. एका आरोपीने कबुली दिली आणि तिच्यात बाकीच्यांची नावं घेतली. सोबत थोडा इतर पुरावा. गजेंद्रगडकरांनी लिहिलं की सहआरोपीची कबुली हा पायाचा दगड होऊ शकत नाही. आधी इतर पुरावा उभा करा, तो जवळपास पुरेसा वाटला तर मग भर म्हणून ती कबुली बघा. कबुलीपासून सुरुवात करून तिला पुरावा शोधत फिरायचं, हे उलटं झालं. मनातून खात्री वाटणं किंवा दाट संशय असणं याला फौजदारी खटल्यात जागा नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. अपील करणारे दोघे सुटले.

जिथे पुरावाच लागत नव्हता

इथपर्यंत वाचून वाटेल की हा माणूस म्हणजे आरोपीच्या हक्कांचा कैवारी. चित्र तेवढं सरळ नाही, आणि ते सरळ करून सांगणं त्यांच्यावरच अन्याय होईल.

१९६२ साली चीन युद्धामुळे आणीबाणी लागली. भारत संरक्षण नियमांखाली लोकांना खटल्याशिवाय डांबलं जाऊ लागलं. १९६३ साली मक्खनसिंग प्रकरणात प्रश्न आला, अशा माणसाने मूलभूत हक्कांसाठी कोर्टात यायचं की नाही? बहुमताचा निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला. आणीबाणीच्या आदेशाने ती वाट बंद झाली आहे, असं त्यांनी सांगितलं. न्यायमूर्ती सुब्बाराव एकटे विरोधात होते.

म्हणजे बघा, खुनाच्या आरोपीबाबत जो न्यायाधीश पुराव्याचा इंचन्‌इंच रस्ता मोजतो, तोच न्यायाधीश खटलाच न चालवता तुरुंगात टाकलेल्या माणसाला सांगतो की ही वाट तुझ्यासाठी बंद. मला हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वात टोचणारा भाग वाटतो. त्यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्यांनी एक फट मुद्दाम उघडी ठेवली. स्थानबद्धतेचा आदेश आकसाने काढला असेल, तर कोर्टात यायची मुभा राहील.

त्या फटीतून एक माणूस खरंच बाहेर आला. केरळातला रॉकेलचा घाऊक व्यापारी. त्याला देशाच्या सुरक्षेच्या नावाखाली आत टाकलं होतं. त्याचं म्हणणं, एका पोलीस अधिकाऱ्याने नातेवाइकाच्या धंद्यासाठी हे घडवून आणलं. सरकारला धड उत्तर देता आलं नाही. फेब्रुवारी १९६६ मध्ये, निवृत्तीला महिनाभर उरलेला असताना, सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी त्याला सोडून दिलं आणि सरकारी यंत्रणेला चांगलंच सुनावलं.

मार्च १९६६ मध्ये वयाच्या ६५ व्या वर्षी ते निवृत्त झाले. नावालाच. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, राष्ट्रीय कामगार आयोगाचे अध्यक्ष, महागाई भत्ता आयोग, काश्मीर चौकशी आयोग, बनारस हिंदू विद्यापीठाची चौकशी, यादी लांबत जाते. १९७१ ते १९७७ ते विधी आयोगाचे अध्यक्ष होते, म्हणजे इंदिरा गांधींच्या आणीबाणीतही त्या पदावर होते. १९७२ साली पद्मविभूषण मिळालं. विधी आयोगातलं त्यांचं एक मोठं काम आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. १९७७ चा ६९ वा अहवाल, पुरावा कायद्यावरचा. वकील म्हणून ज्या कायद्याची कलमं त्यांनी वर्षानुवर्षं चाळली, तो अख्खा कायदा कलमागणिक पुन्हा तपासून.

१२ जून १९८१ ला मुंबईत त्यांचं निधन झालं. आत्मचरित्र त्यांच्या मागे, १९८३ साली प्रसिद्ध झालं.

सारडा आणि पाच कसोट्या

असू शकतं आणि असलंच पाहिजे यातल्या अंतराचा हाच विचार १९७३ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी महाराष्ट्रातल्या शिवाजी बोबडे खटल्यात पुन्हा मांडला. आणि तिथून तो १९८४ च्या सारडा निकालात पोहोचला.

हे प्रकरण पुण्याचं. बीडच्या एका तरुण मुलीचं १९८२ च्या फेब्रुवारीत लग्न झालं आणि जूनमध्ये पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती मृतावस्थेत सापडली. मृत्यू सायनाइडने. नवऱ्याला सेशन कोर्टाने फाशी दिली, मुंबई हायकोर्टाने ती कायम केली. प्रत्यक्ष पाहणारं कुणी नव्हतं. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं होती. त्यात सासरची घुसमट दिसत होती आणि मनाची खचलेली अवस्थाही. त्या पत्रांचा अर्थ खालच्या कोर्टांनी एक लावला, सुप्रीम कोर्टाने दुसरा. तिने स्वतः विष घेतलं असण्याची शक्यता पुराव्याने पुसली गेलेली नाही, असं म्हणून नवऱ्याची सुटका झाली.

याच निकालात न्यायमूर्ती फझल अली यांनी परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या एका जागी मांडल्या. वकील त्याला पंचशील म्हणतात. आधी प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे पूर्ण सिद्ध झाली पाहिजे, आणि नेमकं इथेच असू शकतं नाही, असलंच पाहिजे, हा फरक येतो. मग सिद्ध झालेल्या गोष्टी आरोपी दोषी आहे याच एका तर्काशी जुळल्या पाहिजेत. त्या निर्णायक असल्या पाहिजेत. दुसरी कुठलीही शक्यता त्यांनी बाद केली पाहिजे. आणि साखळी इतकी पुरी हवी की तो निर्दोष असेल असं म्हणायला शहाण्या माणसाला जागा उरू नये.

रीलमधल्या टॉवर लोकेशनला या कसोट्या लावून बघा. लोकेशन सांगतं की फोन त्या भागात होता. फोन कुणाच्या हातात होता हे ते सांगत नाही. शेवटचं एकत्र दिसणं घ्या. सात वाजता एकत्र दिसले आणि आठला मृतदेह सापडला, तर त्याला वजन आहे. मधे दोन दिवस गेले असतील तर मधल्या वेळात तिसरा कुणी आलाच नाही हे कोण सांगणार? म्हणून तर अपिलात खटले पडतात. आणि बऱ्याचदा त्याचं कारण सुरुवातीच्या तपासात असतं. पंच ठरलेलेच असतात, जप्ती उशिरा होते, रक्ताचा नमुना सीलशिवाय पाठवलेला असतो. मग खून काय भुताने केला, हा प्रश्न खरं तर त्या पंचनाम्याला विचारायला हवा.

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे नंबर बदलले. वकिलांनी नवी पुस्तकं घेतली, जुने नंबर विसरायला अजून वेळ लागतोय. अपिलात मात्र युक्तिवाद अजूनही त्याच पाच कसोट्यांवर चालतो, आणि कबुलीजबाब आला की पहिला प्रश्न तोच असतो, विचार करायला वेळ किती दिला होता?